शालनकाकींच्या नावाची बाटली

बाटलीवर नाव शालन खोराटे यांचं होतं, वय एकसष्ट लिहिलं होतं, आणि आतली चूळ त्यांची नव्हती. हे मला त्रेसष्ट दिवसांनी कळलं. त्या त्रेसष्ट दिवसांतला एकही दिवस फुकट घालवण्यासारखा नव्हता, आणि आम्ही तिघींनी मिळून ते सगळे घालवले.

मी धनश्री चौगुले, कासारमळ्याच्या उपकेंद्रातली मुखसेविका. सरकारने हे पद २०३६ साली काढलं तेव्हा नावावर बराच विचार केला असणार. गावाने तो विचार पाच मिनिटांत निकालात काढला. मला सगळे चूळबाई म्हणतात. लग्नपत्रिकेवरसुद्धा एकाने तसं छापलं होतं आणि वरून मला बोलवायला आला होता.

काम सोपं आहे. मिठाच्या पाण्याची छोटी बाटली द्यायची. तिच्या झाकणाला मऊ कुंचला असतो, तो दोन्ही गालांच्या आतून फिरवायचा, मग तीस सेकंद पाणी खळखळवायचं आणि परत बाटलीत थुंकायचं. नियमावलीत एक वाक्य ठळक अक्षरांत आहे: हे सगळं सेविकेच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे.

ती बाटली जिथे जाते त्या यंत्राचं नाव मुखपट. तोंडाच्या आतलं अस्तर शल्की पेशींचं असतं. शल्क म्हणजे खवला, तशा या चपट्या पेशी एकीवर एक रचलेल्या असतात. तळाच्या थरातल्या मूळ पेशी दर पंधरवड्याला नवं अस्तर वर ढकलतात. तंबाखूने त्यातल्या एखादीची जनुकं बिघडली की कधीकधी ती मरत नाही, उलट शेजारणींना बाजूला सारून जोमाने वाढते. रानात हरळी पसरते तशी. वर्षानुवर्षं ही हरळी नुसती पसरते, दुखत नाही, खुपत नाही. मग एक दिवस अस्तराखालची फरशी फोडून खाली उतरते. तिथून पुढे तिला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणायचं, म्हणजे आपला तोंडाचा कॅन्सर. माझ्या लहानपणी लोक एवढं सगळं झाल्यावर डॉक्टरकडे जायचे आणि अर्धा जबडा ठेवून परत यायचे. काही यायचेच नाहीत.

मुखपट चुळीतल्या प्रत्येक पेशीची जनुकं वाचतो आणि तोंडाचा नकाशा काढतो. हरळी किती जागी आहे, किती वेगाने पसरते आहे, आणि फरशी फुटायला साधारण किती महिने आहेत, ते सांगतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे दर वर्षी या, लाल म्हणजे आत्ता. लाल आलं की वाट बघत नाहीत. त्याच बाटलीतल्या चांगल्या मूळ पेशी निवडून, त्यांना थोडं धट्टंकट्टं करून, सहा आठवडे वाढवतात आणि लेपात घालून पाठवतात. तो लेप तीन महिने रोज गालाच्या आतून लावायचा. या पेशी मूळ धरतात आणि हरळीला जागाच ठेवत नाहीत. ताग दाट पेरला की खालचं तण दबतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको. अट एकच, पेशी ज्याच्या त्याच्याच लागतात. दुसऱ्याच्या तोंडात लेप चार दिवस टिकत नाही, आणि तुमची हरळी मात्र वाढत राहते.

आता शालनकाकी. बसस्टँडमागे त्यांचं चटणी कांडप आहे. मार्च ते मे पंचक्रोशीतल्या बायका मिरच्या घेऊन तिथे येतात. संकेश्वरी किती, ब्याडगी किती, धणे किती भाजायचे, लसूण कधी घालायचा, हे काकी ठरवणार. डंकातून, म्हणजे कांडपाच्या यंत्रातून, उतरलेली चटणी चिमूटभर जिभेवर ठेवून त्या "मीठ कमी हाय" म्हणाल्या की मीठ कमी असतंच. त्यांच्या जिभेवर गावाचा विश्वास होता. सहा वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी चावडीसमोर होळी करून आपली मशेरीची डबी सगळ्यांत आधी त्यात टाकली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटाने दातांना चोळायची, हे गावच्या बायकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं व्यसन. त्या दिवशी एकशे चाळीस डब्या जळल्या. मी तेव्हा शिकत होते. ते बघूनच या कामाचा अर्ज भरला, हे मी अजूनही लाजत नाही सांगायला.

तर मार्चमध्ये मी कांडपावर बाटल्या घेऊन गेले. पहिली बाटली अर्थातच काकींची. त्यांनी ती हातात घेतली, पदर सावरला आणि मागच्या मोरीकडे निघाल्या. नियम मला पाठ होता. पण आईच्या वयाची बाई गालात कुंचला फिरवून थुंकणार आणि आपण समोर उभं राहून बघायचं, हे आमच्याकडे कोण करतं? मी मान वळवून मिरच्यांच्या पोत्यांकडे बघत बसले. हीच माझी चूक. गावातल्या कितीतरी बायकांच्या वेळी मी ती केली आणि तिला मान राखणं म्हटलं.

मोरीत काकींची सून तेजस्विनी पातेली घासत होती. पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. काकींनी सकाळीच मशेरी लावली होती. डबी जाळल्यावर दोन महिन्यांनीच त्यांनी पुन्हा सुरुवात केली होती. मिरच्या भाजायच्या दिवसांत कांडपावर जो ठसका असतो त्यात तंबाखूचा तवा कोणाच्या नाकात शिरणार? नवी डबी त्यांनी दगडफुलाच्या डब्यात तळाशी ठेवली, कारण दगडफूल त्यांच्याशिवाय कोणी मोजत नसे. तर मोरीत काकींनी सुनेला बाटली दिली. हिरड्यांतून रक्त येतंय, तूच भर चूळ माझ्या नावाची, म्हणाल्या. सुनेने कधी सुपारीसुद्धा चावली नाही, अशी त्यांची खात्री होती. स्वच्छ तोंडाची स्वच्छ चूळ जाईल, मंडळाचं नाव राहील, संपला विषय.

तेजस्विनीला नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण असं की चार वर्षांपूर्वी धाकट्याच्या वेळी तिची दाढ ठणकत होती, दगडफूल काढताना तळाची डबी सापडली, आणि चिमूटभर लावल्यावर बरं वाटलं. तेव्हापासून ती रोज लावत होती. आत्तीची, म्हणजे सासूची, डबी आपोआप भरते, म्हणजे भरणारी घरातच आहे, एवढं तिला समजत होतं. काकींना मात्र सुनेच्या मशेरीचा पत्ता नव्हता. तेजस्विनीने चूळ भरली. नाव आत्तीचं आहे, मग काय बिघडतंय, असं तिला वाटलं. स्वतःची बाटली तिने त्या दिवशी घेतली नाही. गुरुवार आहे, उपवास आहे, पुढच्या वेळी देते म्हणाली, आणि पुढची वेळ येऊ दिली नाही.

दहाव्या दिवशी निकाल आले. एकशे चाळीसपैकी एकशे एकोणचाळीस हिरवे आणि पिवळे, आणि एक लाल. शालन खोराटे, डावा गाल, फरशी फुटायला अंदाजे नऊ महिने.

दुसऱ्या पानावर मुखपट आणखी एक आकडा देतो, पेशींचं वय. काकींच्या नावापुढे सत्तेचाळीस होतं. तंबाखूने तोंड वयापेक्षा म्हातारं होतं, तरुण कधी होत नाही. मी तो आकडा पाहिला आणि काकी ताक फार पितात असं मनाशी म्हटलं. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार कमी लागतं.

जिल्ह्याच्या डॉ. तांबोळींना मी लगेच कळवलं. या बाईंच्या आडनावाचे लोक पूर्वी पानतंबाखू विकायचे आणि या तोंडं वाचवतात, यावर त्या स्वतःच हसतात. त्यांनी लेप वाढवायला टाकला. मी कांडपावर जाऊन काकींना बाजूला घेतलं आणि जमेल तितकं हळू सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं आणि त्या चक्क हसल्या.

"धना, तुझं यंत्र खोटं बोलतंय बघ."

त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. चूळ सुनेची, सून निर्व्यसनी, आणि यंत्र म्हणतं लाल. म्हणजे यंत्रच बोगस. त्यांना उलट हायसं वाटलं की आपण खरी चूळ दिली असती तरी काही कळलं नसतं. दुसरी चूळ द्या, पडताळून बघू, असं मी तीनदा म्हणाले. दुसरी चूळ पहिलीशी जुळली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीनही वेळा हंगाम संपू दे म्हणाल्या.

तेजस्विनी तेव्हा तीन हातांवर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. त्या दिवशी तिने अख्खं पोतं खुडलं आणि मान वर केली नाही. ज्या घरात सासूने चावडीवर डबी जाळली त्या घरात सुनेने सांगायचं तरी कसं? आणि सांगितलं तर सासूचंही उघडं पडणार. नवऱ्याला सांगावं तर तो आधी आईला विचारणार. तिने मनाशी ठरवलं की मशेरी सोडायची, म्हणजे आपोआप जाईल. चार दिवस सोडली, पाचव्या दिवशी दाढ ठणकली.

मला राग यायचा तो काकींचा. एवढी शहाणी बाई आणि मरणाला हंगामाची तारीख देते, असं मी आईजवळ चिडून बोलले होते. आई म्हणाली, भीती वाटत असेल. मी म्हटलं, शालनकाकींना? आम्हा दोघींनाही ते पटलं नाही.

बावन्नाव्या दिवशी लेप आला. सहा पांढऱ्या नळ्या, वर नाव शालन खोराटे, आणि लाल अक्षरांत सूचना की पंधरा दिवसांत सुरुवात करावी, त्यानंतर पेशी जिवंत राहत नाहीत. काकी लेपालाही हंगाम संपू दे म्हणाल्या, म्हणून मी तो उपकेंद्राच्या फ्रिजमध्ये लसींशेजारी ठेवला आणि रोज सकाळी दार उघडून बघू लागले.

त्रेसष्टाव्या दिवशी, म्हणजे चार दिवस उरले असताना, कांडपावर दुपारची जेवणं चालली होती. डंकातून त्या हंगामातली शेवटची मोठी चटणी उतरली होती. काकींनी चिमूट जिभेवर ठेवली, मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे वाडगा फिरवला. प्रत्येकीने भाकरीला लावून खाल्ली. तेजस्विनीने वाडगा पुढे सारला आणि दह्यात भाकरी कुस्करली. काकींनी पाहिलं. मग त्यांना आठवलं की काल दही होतं, परवा दूध होतं, आणि होळीपासून या पोरीच्या ताटात लाल रंग दिसलेला नाही. त्यांनी मुद्दाम बोटभर चटणी तिच्या भाकरीवर ठेवली. तिने नाइलाजाने घास घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मिरचीत जन्म काढलेल्या बाईला तिखट लागणं आणि तोंड जळणं यातला फरक कोणी शिकवायला लागत नाही. काकी उठल्या, मागे गेल्या आणि दगडफुलाचा डबा उघडला. मशेरीची डबी त्यांनी रविवारी गच्च भरली होती. आज बुधवार, आणि ती निम्म्यावर आली होती. त्यांना स्वतःला एक डबी पंधरा दिवस पुरायची. आजवर आपलंच प्रमाण वाढलं असेल असं समजून त्या भरत राहिल्या होत्या. दुसऱ्याच्या चटणीतलं चिमूटभर मीठ ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या डबीतला हात ओळखू आला नव्हता.

त्यांनी सुनेला मोरीत बोलावलं. त्याच मोरीत.

"तोंड उघड."

तेजस्विनीने उघडलं. डाव्या गालात आत, तुरीच्या डाळीएवढा पांढरा डाग होता. काकींनी पदराच्या टोकाने पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही.

"माझ्याच डबीतली न्हवं?"

"व्हय, आत्ती."

काकी तिला एक शब्द बोलल्या नाहीत. हे दोघींनीही मला आवर्जून सांगितलं. त्यांनी तिचा हात धरला, चपला घातल्या आणि भर दुपारी उन्हातून उपकेंद्रापर्यंत चालत आणलं. काकींच्या हातावर चटणी तशीच होती, आणि तेजस्विनीच्या मनगटावर त्याचे लाल ठसे उमटले होते.

मी नोंदी करत होते. काकी आत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"धना, त्या बाटलीतली चूळ हिची हाय. अन् हिला मशेरी लावली ती माझ्या डबीनं. आता काय करायचं ते लवकर सांग, माझ्याकडं बघत बसू नको."

मी बघतच बसले. आधी कळेना, मग कळलं तेव्हा संताप आला. नऊ महिन्यांतले जवळजवळ दोन महिने गेले होते. फ्रिजमधला लेप आणखी चार दिवसांनी कचऱ्यात गेला असता आणि चौतीस वर्षांची ही बाई दोन मुलांसकट नशिबावर राहिली असती. कडक काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, आणि मिरच्यांची पोती डोळ्यांपुढे आली. मी मान वळवून बसले होते ती पोती. आपलेच दात, आपलेच ओठ. मी नवी बाटली काढली आणि तेजस्विनीला म्हटलं, माझ्यासमोर.

बाटली मी तशीच गाडीने जिल्ह्याला धाडली, आणि डॉ. तांबोळींनी बाकीच्या बाटल्या बाजूला ठेवून तासाभरात पडताळणी करून दिली. पेशी जुळल्या, पेशींचं वय सत्तेचाळीस, हरळी वाढली होती पण फरशी शाबूत होती. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं की पहिली बाटली कोणाच्या समोर भरली होती. मी म्हटलं, कोणाच्याच नाही, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, लेप आजच सुरू करा, तुमच्याशी नंतर बोलते. नंतर त्या बोलल्या, आणि ते मी इथे लिहीत नाही.

पहिला लेप मीच लावला. तेजस्विनी रडत नव्हती, नुसती जमिनीकडे बघत होती. काकी तिच्या मागे उभ्या राहून तिच्या वेणीवरून हात फिरवत होत्या. लेप लावल्यावर वीस मिनिटं बोलायचं नाही, थुंकायचं नाही. ती वीस मिनिटं आम्ही तिघी गप्प बसलो. संपल्यावर मी काकींना म्हटलं, आता तुमची बाटली. त्या म्हणाल्या, इथं नको. उद्या सकाळी कांडपावर ये, सगळ्या असतात तेव्हा.

सकाळी मी गेले तेव्हा तीस-चाळीस बायका होत्या. काकींनी डंक बंद करायला लावला. इतक्या दिवसांनी तिथे शांतता झाल्यामुळे सगळ्या आपोआप वळल्या. काकी पायरीवर उभ्या राहिल्या आणि दगडफुलाच्या डब्यातून डबी काढून सगळ्यांना दाखवली. चावडीवर जाळली ती पहिली आणि ही दुसरी, म्हणाल्या, आणि पहिल्या चुळीची गोष्टही सांगितली. सुनेचं नाव घेण्याआधी त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेजस्विनीने मान हलवली. मग घेतलं.

"लपवून केलं म्हणून पोरगीला लपवायला शिकवलं. लाज मला हाय, तिला न्हाई."

त्यांनी गालांतून कुंचला फिरवला, पाणी भरलं, सगळ्यांच्या देखत तीस सेकंद खळखळवलं आणि बाटलीत थुंकून ती उन्हात धरली. पाणी काळं होतं. त्या दिवशीही त्यांनी सकाळी मशेरी लावली होती. शेवटची, असं म्हणाल्या.

मग गावातल्या सगळ्यांत थोरल्या अनसूयाआजी पाटीवर हात टेकत उठल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, माझी बी दुसरी घे. पहिली नातीनं भरल्याली."

उपकेंद्रात येऊन मी सगळ्यांच्या निकालांची दुसरी पानं काढली. पेशींच्या वयाचा रकाना मी कधी सलग वाचलाच नव्हता. अनसूयाआजी, वय अठ्ठ्याहत्तर, तोंडाचं वय चौदा. त्यांच्या शेजारच्या, वय सदुसष्ट, तोंडाचं वय बारा. पन्नाशीपुढच्या सत्तावीस बायकांच्या तोंडात शाळकरी मुली बोलत होत्या. याच आकड्यांच्या सरासरीवर जिल्ह्याने आम्हाला निर्मळ मुखाचं गाव म्हणून मानपत्र दिलं होतं, आणि मी त्याला स्वतः चौकट करून आणली होती. सत्तावीसही बाटल्या मी पुन्हा घेतल्या. या वेळी मोरीच्या दारात उभी राहिले. बायका आधी हसल्या, मग लाजल्या, मग थुंकल्या. सहा लाल निघाल्या. सहाही वेळेत होत्या.

काकींची बाटली सातवी. उजवा गाल आणि जिभेची कड, फरशी फुटायला पाच महिने. डॉक्टरांनी लेप वाढवायला टाकला आणि नवं अस्तर आल्यावर वर्षभर चव मंद राहील असं स्पष्ट सांगितलं. जिभेवर जगलेली बाई, मला वाटलं आता तरी मोडेल. काकींनी तेजस्विनीकडे बोट केलं आणि हिला मीठ कळतं म्हणाल्या. पुढच्या हंगामात चटणी ती चाखेल.

जुलैत काकींचा लेप आला तेव्हा तेजस्विनीचा निम्मा संपला होता. गालातला डाग मसुरीएवढा झाला होता आणि ताटात चटणीचं बोट परत आलं होतं. एके सकाळी मी नळ्या मोजायला त्यांच्याकडे गेले. मागच्या पायरीवर दोघी समोरासमोर बसल्या होत्या. दोघींनी तर्जनीवर लेप घेतला होता आणि गालाच्या आतून, हिरड्यांवरून, सावकाश चोळत होत्या. ज्या बोटाने, ज्या वेळी आणि जशी मशेरी लावायच्या अगदी तशीच. इतकी वर्षं दोघींचं जे एकमेकींपासून लपूनछपून चाललं होतं, ते आता उजेडात एकमेकींसमोर चाललं होतं.

मी विचारलं, कसं आहे? वीस मिनिटं व्हायची होती, म्हणून दोघीही बोलल्या नाहीत. काकींनी सरकून मला पायरीवर जागा दिली.